हिरूच्या वाफ्यातलं पिल्लू

ही गोष्ट फार जुनी आहे. खाडीच्या तोंडावर आज जी नारळाची झाडं मान वर करून पाहावी लागतात, ती तेव्हा माणसाच्या खांद्याला लागत होती.

त्या खाडीच्या काठी मासे मारून जगणाऱ्यांचं एक गाव होतं. गावात एक रीत होती. एखादी बाई वारली, की वर्षाच्या दिवशी गावातल्या बायका हातात ओली माती भरलेली करवंटी घेऊन तिच्या परसात येत. तिने लावलेल्या झाडांतलं एकेक रोप प्रत्येकीला मिळे. ते रोप ज्या घरी लागे, तिथे त्याला त्या बाईच्याच नावाने ओळखत. अमकीची मोगरी, तमकीची तुळस. अशी ती बाई घरोघरी राही.

रोप त्या एका दिवशीच द्यायचं. आधी नाही, नंतर नाही. जिच्या परसात त्या दिवशी काही उरलेलं नसे, तिचं नाव हळूहळू गावाच्या तोंडून जाई. त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे. तशी रीतच होती.

त्या गावात हिरू नावाची एक बाई राहत होती. तिला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. एक धाकटा भाऊ होता, त्याला तिनेच वाढवलं होतं. घरामागे तिने अबोलीचा वाफा केला होता. एका वर्षी पाऊस सरता सरता हिरू तापाने गेली. भाऊ आणि वाफा मागे राहिले.

भावाला जाळं टाकता येत होतं, होडी वल्हवता येत होती. झाडांतलं काही कळत नव्हतं. त्यात तो घाईचा माणूस. आधी हात उचलायचा आणि मग विचार करायचा. पण वर्षाच्या दिवशी घरटी एक रोप आपल्या परसातून गेलं पाहिजे, एवढं त्याने मनाशी पक्कं धरलं. बहिणीचं म्हणून त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

आता त्या गावातले पुरुष समुद्रावरून आले, की टोपलीतला पहिला वाटा घरच्या बाईसाठी बाजूला काढत. बाकीचं सगळं त्यानंतर. हिरू गेल्यावर भाऊ पहिल्यांदा होडी घेऊन परतला, तेव्हा सवयीने त्याच्या हाताने वाटा काढला. दोन बांगडे आणि मूठभर मांदेली. काढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

तो वाटा त्याला खाववेना. कुणाला देववेना. समुद्रात परत टाकवेना.

तो तसाच परसात गेला. अबोलीच्या मुळाशी बोटांनी माती उकरून त्याने मासे ठेवले, त्यावर माती ओढली आणि म्हणाला, "खा. तुझंच आहे."

नारळाच्या बुडाशी मासळी पुरलेली त्याने लहानपणापासून पाहिली होती. नारळ त्यावर जोमाने वाढतो. मग अबोली का वाढणार नाही? दुसऱ्या दिवशीही त्याने वाटा काढला आणि दुसऱ्या झाडाच्या मुळाशी ठेवला. मग ते रोजचंच झालं. रोज अंधारून आल्यावर तो वाफ्यापाशी बसे, माती उकरी आणि म्हणे, "खा. तुझंच आहे."

थोड्याच दिवसांत एक पिल्लू आलं. तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या होडीखाली ते जन्मलं होतं. त्याची आई दुसऱ्या वाडीच्या कुत्र्यांमागे निघून गेली होती. पिल्लू परसात शिरलं, वाफ्यात उतरलं आणि पुढच्या दोन्ही पायांनी खणू लागलं. भाऊ समुद्रावरून आला, तेव्हा तीन झाडं मुळं वर करून पडली होती आणि पिल्लू त्यांच्यामध्ये बसून शेपूट हलवत होतं.

"हाड!" भाऊ ओरडला. पिल्लू पळालं. भावाने झाडं परत लावली. बिचारी दमली असतील म्हणून त्यांच्या मुळाशी त्याने दोन मासे जास्त ठेवले.

दुसऱ्या दिवशी नेमकी तीच झाडं उपटलेली होती.

भावाने करवंदीच्या काट्या आणून वाफ्याभोवती कुंपण घातलं. पिल्लू कुंपणाखालून आत गेलं. भावाने तिखट कालवून ते पाणी मातीवर शिंपडलं. पिल्लू शिंकत शिंकत खणू लागलं. अबोलीची पानं मात्र कडेने करपली.

कुडाच्या पलीकडून शेजारीण हे पाहत असे. ती हिरूची जुनी मैत्रीण. वयाने मोठी, तोंडाने त्याहून मोठी. भाऊ तिला मावशी म्हणे.

"काय रे," ती म्हणाली, "कोण शिंकतंय एवढं? तू की तुझं कुत्रं?"

"माझं नाही ते!"

"मग माझं आहे का? दिवसभर तुझ्याच वाफ्यात असतं. तूही तिथेच असतोस. मला वाटलं, जोडीने शेती करताय."

"मावशी, हसू नकोस. हिरूची झाडं जातायत."

मावशीचं हसू थांबलं. "बांधून घाल त्याला," ती म्हणाली. "बांधल्यावर काय करेल?"

भावाने जुन्या जाळ्याची दोरी घेऊन पिल्लाला खांबाला बांधलं. पिल्लाने दोरी कुरतडली. जाड दोरी घेतली, तर ते दुपारभर असं रडलं, की आळीतली माणसं दारात येऊन बघू लागली. शेवटी भावानेच दोरी सोडली. सुटल्याबरोबर पिल्लू वाफ्यात.

प्रत्येक वेळी भाऊ झाडं परत लावी. प्रत्येक वेळी त्यांना बळ यावं म्हणून मासे वाढवी. झाडं मात्र पिवळी पडत चालली. ते पाहून तो आणखी मासे आणी.

तुम्ही म्हणाल, वाफ्याला वास येत नव्हता का? येत होता. पण त्या गावात मासळीच्या वासाने कोण चमकणार? अंगणात सुकट, कुडावर जाळी, टोपलीत मासे, अंगाला खवले. तिथल्या माणसांची नाकं त्या वासातच वाढलेली. भावाला वास आला नाही. कुडाला नाक लावून उभ्या राहणाऱ्या मावशीलाही आला नाही.

एका सकाळी पिल्लाने वाफ्यातलं सगळ्यात जुनं झाड उपटलं. हिरूने ते पहिल्यांदा लावलं होतं. बाकीची झाडं त्याच्याच बियांची. भाऊ बाहेर आला, तेव्हा पिल्लाच्या तोंडात त्याचं मूळ होतं.

भाऊ ओरडला नाही. त्याने पिल्लाला मानगुटीला धरून उचललं, होडीत टाकलं आणि होडी खाडीत लोटली. पलीकडच्या काठाला घर नव्हतं, वाट नव्हती. चिखल आणि तिवराची झुडपं, आणि झुडपांत कोल्हे. तिथे त्याने पिल्लाला चिखलावर ठेवलं आणि वल्हं मारलं. पिल्लू पोटापर्यंत पाण्यात आलं आणि उभं राहिलं. भावाने मागे पाहिलं नाही.

परत येऊन त्याने झाडं लावली. त्या दिवशीचा वाटा सगळा त्या जुन्या झाडाला दिला.

सकाळी तो परसात गेला आणि उंबऱ्यातच बसला.

वाफा म्हणावा असं काही उरलंच नव्हतं. काट्यांचं कुंपण आडवं झालं होतं. मातीत गावामागच्या रानातून उतरलेल्या कोल्ह्यांच्या पायांचे ठसे होते, मुंगसाचे होते. बिळांच्या तोंडाशी खेकडे फिरत होते. कावळे तर अजून खाली उतरत होते. जुनं झाड मधोमध मोडलं होतं.

कावळ्यांचा गोंगाट ऐकून मावशी कुड ओलांडून आली. तिने भावाकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं. खाली बसून मातीत हात घातला. हातात अर्धा कुजलेला बांगडा आला.

"हे काय?"

"तिचा वाटा," भाऊ म्हणाला.

मावशीने बांगडा पानावर ठेवला. दुसरीकडे हात घातला, तिथे मांदेली निघाली. तिसरीकडेही तेच.

"रोज?"

"रोज."

"अरे पोरा," ती म्हणाली, "नारळाला घालतोस तेव्हा हातभर खड्डा खणतोस. या एवढ्याशा झाडाचं मूळ बोटभर. त्याला हे ओले मासे चिकटवून ठेवलेस. मूळ जळेल नाही तर काय होईल? हिरू त्याला काय घालायची, पाहिलं होतंस कधी?"

"नाही."

"चुलीतली राख. जुनं शेण. तेही चिमटीने. आणि सारखी रागवायची त्याच्यावर, फुलत नाही म्हणून." मावशीने डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "आणि वर म्हणतोस, कुत्रं खणतं! सबंध खाडीला जेवायचं आवतण देऊन बसलास तू! ते पिल्लू इथे होतं, म्हणून बाकीचे इतके दिवस लांब राहिले."

"मला वाटलं, ते पिल्लूच वाईट आहे."

"त्याला विचारलंस?"

"नाही."

त्या काळी जनावरं बोलत असत. पण कुणी विचारल्याशिवाय बोलण्याची त्यांची पद्धत नव्हती, आणि माणसं क्वचितच विचारत.

भावाने होडी काढली. ओहोटी लागलेली, त्यामुळे पलीकडे पोचायला वेळ लागला. पिल्लू तिवराच्या मुळांत अंग चोरून बसलं होतं. एका पायाला चावा होता, पोट खपाटीला गेलं होतं. भावाला पाहून त्याने शेपूट हलवली, पण ते जागचं उठलं नाही.

भाऊ चिखलात गुडघ्यांवर बसला.

"तू माझ्या बहिणीची झाडं का उपटलीस?"

"कोणती झाडं?" पिल्लू म्हणालं.

"वाफ्यातली."

"तिथे मासे होते," पिल्लू म्हणालं. "तू रोज यायचास. मातीत मासे ठेवायचास. आणि म्हणायचास, खा, तुझंच आहे. तिथे दुसरं कुणी दिसायचं नाही. मला वाटलं, मलाच म्हणतोस."

पाणी आणखी थोडं ओसरलं.

"मग मी ओरडायचो, तेव्हा काय वाटायचं तुला?"

"वाटायचं, मी उशीर केला. सगळं खाल्लं नाही म्हणून तू ओरडतोस. मग मी दुसऱ्या दिवशी आणखी घाईने खणायचो."

भावाने पिल्लाला उचललं. या वेळी दोन्ही हातांनी.

घरी येऊन त्याने वाफ्यातली माती हातभर खोल काढली आणि लांब नेऊन टाकली. तिच्या जागी नवी माती, रेती, चुलीतली राख आणि जुनं शेण घातलं. मावशी कुडापाशी उभी राहून सांगत होती, "चिमटीने, म्हटलं ना! पसा कुणी सांगितला तुला?" मोडतोडीतून जी थोडी झाडं अजून हिरवी होती, ती त्याने लावली. पिल्लांना थोडं तरी खणावं लागतंच, म्हणून न्हाणीच्या पाण्याच्या कडेला ओल्या रेतीचा एक खळगा करून दिला.

दुसऱ्या दिवशी समुद्रावरून आल्यावर त्याने पहिला वाटा काढला आणि मागच्या दारी करवंटीत ठेवला. पिल्लू आलं आणि करवंटीपुढे उभं राहिलं. खाईना. भावाकडे बघत राहिलं.

भाऊ करवंटीपाशी बसला. मग तो म्हणाला, "खा. तुझंच आहे."

त्यानंतर पिल्लू वाफ्यात एकदाच गेलं. खणायला नाही. दुपारी सावली पाहून एका रोपावर अंग टाकून झोपलं. मावशीने त्याला उठवलं आणि जन्मभर लक्षात राहील असं सुनावलं.

वर्षाचा दिवस उजाडला. गावातल्या बायका ओल्या मातीच्या करवंट्या घेऊन परसात आल्या. खालच्या आळीतल्या जवळ राहत, म्हणून त्या आधी आल्या. भावाने एकेक रोप मातीसकट उचलून त्यांच्या करवंटीत ठेवलं. मावशीने आपलं रोप पदराखाली धरलं आणि ती घरी गेली. वरच्या आळीतल्या बायका पोचल्या, तेव्हा वाफा रिकामा होता.

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. कुणी रागावलं नाही.

"पुढच्या पावसात बी पेरून रोपं दिली तर?" भावाने विचारलं.

"आजचाच दिवस असतो, दादा," त्यांतली एक म्हणाली. तिने करवंटीतली माती वाफ्यात ओतली. बाकीच्यांनीही ओतली आणि त्या आपल्या वाटेने गेल्या.

पुढे खालच्या आळीत अबोली फुलली. अजूनही तिथल्या मुली केसांत फूल माळताना म्हणतात, ही हिरूची. हिरू नावाची कुणी बाई होऊन गेली, हे वरच्या आळीत कुणाला ठाऊक नाही. भाऊ मासळी घेऊन वरच्या आळीत जाई, तेव्हा तो दारोदारच्या अंगणांकडे पाही आणि पुढे चालू लागे.

कुणाला हाकलून देण्याआधी, त्याला बोलावलं कुणी ते पाहावं.