सगूची हिरवी सायकल

वेळूच्या दाट बेटाला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिथे टोपल्या विणणारा भिवा आणि त्याची लेक सगू राहत. घरात भाकरी असली तर कोरड्यास नसे. शाळा रानापलीकडे होती. भिवा सगूला रोज खांद्यावर बसवून नेई आणि घरी आला की गुडघा चोळत बसे.

एका सकाळी त्याने वेळू तोडायला कोयता उचलला.

"बाबा, थांबा ना! यात चिमुकलं घरटं आहे. पिल्लं झोपलीत."

"अगं, टोपली नाही झाली तर खायचं काय?"

"पेज पिऊ या. मी अर्धीच वाटी घेईन."

भिवाने कोयता खाली ठेवला. तोच वेळूची पानं रुपेरी घुंगरांसारखी किणकिणली आणि पोपटी पंखांची, बोटाएवढी परी समोर येऊन बसली.

"सगू, पिल्लांना वाचवलंस तू. एक वर माग."

सगू टक लावून बघतच राहिली. "पावसात तुझे पंख भिजत नाहीत?"

"भिजतात की! मग मी ते पानावर वाळत घालते." परी खुदकन हसली. "आता माग बघू."

"मला सायकल दे. म्हणजे बाबांचा गुडघा दुखणार नाही."

लखकन उजेड झाला! समोर हिरवीगार सायकल उभी. चाकांत दवाचे थेंब चमचमत होते, सीट कर्दळीच्या फुलासारखी लालबुंद आणि घंटा इवलीशी, सोनेरी.

"पण अट आहे," परी भिवाला म्हणाली. "मागून हवं तितकं धरा. एकदा सोडलीत की मात्र पुन्हा हात लावायचा नाही. लावलात, तर सायकल विरून जाईल."

भिवाने सायकल हलवून पाहिली. पोर पडली तर? त्याने वेळूच्या कामट्या घेतल्या आणि सगूला सीटवर बसवून तिच्याभोवती गळ्यापर्यंत घट्ट कूड विणला.

"बाबा, मी काय कोंबडी आहे?" आतून सगू ओरडली. "डालग्याखाली घातलंत मला! पायसुद्धा हलत नाहीत."

परी हसून हसून वेळूवरून घसरली. भिवा ओशाळला. त्याने एकेक कामटी सोडवली आणि सीट धरून मागे धावू लागला.

"सोडलंत का बाबा?"

"नाही गं, धरलंय."

"मग आता सोडा!"

भिवाने सोडलं. सायकल डुलली, डगमगली. त्याचा हात झटकन पुढे गेला, बोटं सीटला टेकणारच होती. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत गच्च अडकवले.

धप्प! सगू गवतात.

"लागलं का गं?"

"थोडंसं. येऊ नका, मी उठते."

ती उठली, फ्रॉक झटकला, पुन्हा बसली. ट्रिंग ट्रिंग करत हिरवी सायकल वळणाआड गेली.

भिवा टाचा उंचावून पाहू लागला. त्या वाटेने तो रोज जाई, पण खाली मान घालून, ठेचा चुकवत.

"परी, काय दिसत असेल गं तिला तिकडे?"

"मला काय ठाऊक? तिलाच विचारा." परी गोड हसली. "हात आवरलात तुम्ही. आता अट संपली, सायकल कायमची सगूची." आणि ती पोपटी, सोनेरी, मोतिया उजेड होऊन पानापानांत विरघळली.

वळणावरून गाल लाल झालेली सगू येत होती.

"बाबा, बाबा! तिकडे काय काय आहे, सांगू?"

भिवाने वाटेतच मांडी घातली.

"सांग," तो म्हणाला. "सगळं सांग."