पाच घरांची माधुकरी

"पण बुवा, चारांतलं नेमकं चुकीचंच निवडलं तर?"

नारोबुवा मठाच्या पायरीवर झोळी झटकत होते. ऐकलं की नाही, कळेना.

विचारणारी ऋजुता, आमच्या गावच्या खैरे मास्तरांची मुलगी. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेली. लहानपणापासून मठात, बुवांच्या आणि माझ्या हाताखाली वाढलेली, म्हणून मी तिला असं बोलू शकतो.

चार लिबरल आर्ट्स कॉलेजांनी तिला प्रवेश दिला होता. तिथे म्हणे इतिहासासोबत गणित शिकता येतं आणि गणितासोबत गाणं. एक पुण्याजवळ, एक दिल्लीकडे, एक बंगळुरात, एक समुद्रकाठी. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत एकाला होकार कळवायचा, नाहीतर चारही जागा हातच्या जाणार. त्यातल्या एका ठिकाणी ती पुढे शिकली. कुठल्या, ते मी साफ विसरलो. तिला सांगू नका.

आठ दिवस तिने तक्ते केले होते. प्राध्यापक, ग्रंथालय, वसतिगृह, सगळ्यांना गुण. चारांची बेरीज जवळजवळ सारखी आली आणि पोरीची झोप उडाली. त्या दिवशी सकाळपासून चहासुद्धा घशाखाली उतरला नव्हता.

"बुवा, तुम्ही सांगाल तिथे जाते."

बुवांनी झोळी तिच्या खांद्यावर अडकवली, हातात पितळी डबा दिला आणि चालू लागले.

मठाचा नेम असा, की भर दुपारी पाच घरी माधुकरी मागायची, पदरात पडेल ते घ्यायचं आणि सगळं एकत्र कालवून खायचं.

ऋजुताचं डोकं लगेच चाललं. म्हणाली, पाटलांकडे आज बारसं आहे, तिथे आधी जाऊ. कासारवाड्यात नको, तिकडे भाजी अळणी असते. बुवा वाटेत लागलं त्या पहिल्याच दाराशी उभे राहिले. ते कासारांचंच निघालं. मला हसू आवरेना.

दारोदारी बायका तिलाच धरून बसायच्या. चारही ठिकाणी बोलावलं म्हणे! ती चारही नावं सांगायची, चेहरा खुलायचा, आणि पुढच्या दारापर्यंत पुन्हा पडायचा.

पाचव्या घरी भागूआजीने ठेचा वाढला आणि विचारलं, "मग जाणार कुठं?"

ऋजुताने चारही नावं सांगितली.

"ते ऐकलं गं. पण जाणार कुठं?"

ऋजुताने झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मठात परतलो तेव्हा दोन वाजले होते. उन्हाने आणि पायपिटीने ती लालबुंद झाली होती. बुवांनी परात घेतली. भाकरी कुस्करली, त्यावर आमटी. मग मेथी, दहीभात, ठेचा. वर बारशाची पुरणपोळी.

"अहो, पोळी तरी वेगळी..."

बुवांनी पाची बोटांनी सगळं कालवलं. तिच्या पानावर भला मोठा गोळा वाढला.

तिने नाक मुरडलं. मग एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्यानंतर बोलणं बंद. पान संपलं, तिने मागून घेतलं, तेही संपलं. आठ दिवसांत पहिल्यांदा पोरगी पोटभर जेवली आणि मला फार बरं वाटलं.

बोटं चाटता चाटता ती एकदम हसायला लागली.

"बुवा, काय गोड लागलं हो! कुणाच्या घरचं होतं यातलं?"

बुवांच्याही मिशीत हसू होतं.

"आणि भूक कुणाच्या घरची होती?"