तानकाईची टिचकी

आसनवेढ्याच्या जुन्या विहिरीला अजून शेवाळ धरलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट, असं म्हणतात.

बाळोजी कुंभार गावात नवा आला. मागे घर उरलं नव्हतं. विहिरीजवळच्या पडीक जागेत त्यानं चाक मांडलं. धंदा बसला नाही, तर बायकोला घेऊन पुन्हा रस्ता धरायचा होता. पहिली मडकी लोकांनी हौसेनं नेली. "छान आहेत हो!" म्हणाले. पुन्हा मात्र कुणी फिरकलं नाही.

एक म्हातारी तेवढी रोज सकाळी यायची. लुगडं ओलं. ती उभी राही तिथली जमीन दिवसभर वाळत नसे. मडक्याला टिचकी मारून ती कान लावायची.

"बद्द वाजतंय रं."

"आजे, घ्यायचं तर घे, नाहीतर वाटेला लाग."

"पाझरतंय, लेकरा. लोक सांगायचे न्हाईत."

ती गेल्यावरही मडक्यांतून टक्-टक् येत राही. एकदा चिडून बाळोजीनं मातीचा गोळा फेकला. गोळा म्हातारीतून आरपार गेला आणि मागच्या भिंतीला चिकटला. ती हलली नाही.

"माती हितली, चाळण तुझ्या गावची," ती म्हणाली. "बारीक चाळ. भट्टी आणखी एक दिवस झाकून ठेव."

त्यानं माती फडक्यातून गाळली. म्हातारी येतच राहिली. कधी काठ जाड, कधी बूड वाकडं. तो ऐकत गेला, दुरुस्त करत गेला. चाळिसाव्या दिवशी मडकं खणखणलं. तिनं ते काखेत घेतलं आणि निघून गेली.

ती कोण, असं शेजारच्या लिंबाजीआबांना त्यानं विचारलं. आबांचा चेहरा उतरला.

"तानकाई कुंभारीण. ह्याच जागी तिचं चाक होतं. मडकी पाझरायची. तोंडावर आम्ही सगळे छान म्हणायचो, पुन्हा घ्यायला मात्र कुणी जात नव्हतं. एक दिवस तिनं विहीर जवळ केली."

दोघं विहिरीवर गेले. काठावर ते मडकं होतं, काठोकाठ भरलेलं, बाहेरून कोरडं ठणठणीत.

आजही आसनवेढ्यात गिरणी निघो की मोबाइलचं दुकान, पहिले चाळीस दिवस कुणी 'छान' म्हणत नाही. रोज सकाळी एका घरचं माणूस येतं, चौकटीवर टिचकी मारतं आणि एक खोट सांगतं. दुकानदारानं उलट बोलायचं नसतं.

एखाद्या घराची पाळी चुकली, तरी टिचकी वाजते, असं म्हणतात. दुकानदार दाराकडे बघतो. कुणी नसतं. उंबरा ओला असतो.