वाटून घेतलेलं पाणी

"मग औषध न देता आणखी काही महिने थांबायला हरकत काय, मॅडम?"

शिकाऊ डॉक्टर शार्दूलने विचारलं ते आपलं रीत म्हणून. उत्तर त्याच्याकडे तयारच होतं.

हौसाबाईंना रक्ताचा कर्करोग होता. त्याच्या पेशी किती वेगाने वाढतात ते त्याने स्वतः मोजलं होतं. रोज जड हायड्रोजनची खूण असलेलं थोडं पाणी प्यायला द्यायचं. नव्याने जन्मणाऱ्या पेशींत ती खूण उतरते. हौसाबाईंच्या रक्तात ती जेमतेम सापडली.

"पेशी अगदी सुस्त आहेत," तो म्हणाला.

विभागप्रमुख परुळेकर मॅडमनी आकडा पाहिला आणि चष्मा काढला.

"पाणी कोण पितं?"

हा काय प्रश्न झाला! शार्दूल खट्टू झाला. पण मॅडम उठल्या, म्हणून तोही मागोमाग वॉर्डात गेला.

हौसाबाई खाटेवर बसून कुपीतलं पाणी नवऱ्याच्या तळव्यावर ओतत होत्या. धोंडीराम डोळे मिटून प्याले. ओला हात त्यांनी डोक्यावरून फिरवला.

शार्दूल धावतच खाटेपाशी गेला.

"अहो, हे काय करताय!"

"तीर्थ हाय न्हवं?" हौसाबाई दचकल्या. "एवढुसं, पळीभर. ह्यास्नी न देता एकटीनं कसं घ्यायचं?"

"रोज प्यायचं, असं सांगितलं होतं मी!"

"आणि कशासाठी प्यायचं, ते सांगितलंस?" मॅडमनी त्याला विचारलं.

"ते सांगायचं राहिलं."

मॅडम खाटेच्या कडेला टेकल्या.

"हौसाबाई, हे औषध नाही. या पाण्यानं तुमच्या आजाराचा वेग कळतो. तुम्ही वाटून प्यालात, म्हणून तो आम्हाला कमी दिसला."

हौसाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. "मग... माजं चुकलं?"

"आमचं चुकलं. उद्यापासून पुन्हा मोजू. औषधाचं त्यानंतर ठरवू."

या बाईंना आपण औषधावाचून घरी धाडणार होतो, असं शार्दूलच्या मनात आलं.

कुपीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

"आजचं तर मोजणीतून गेलंच," असं म्हणत मॅडमनी उजवा तळवा पुढे केला. हौसाबाईंनी पदर सावरून त्यावर दोन थेंब घातले. मॅडम प्याल्या आणि ओला हात केसांवरून फिरवला.

"मॅडम... उद्या मी त्यांना कसं समजावू?"

"आधी हात पुढे कर."