दोन कुलपांचे मेज

तांबवडीच्या चर्चला दार नाही. चौकट आहे, उंबरा आहे, पण दार आत वेदीपुढे चार पायांवर आडवे मांडलेले. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला त्याच्यावरच ठेवतात. पांढऱ्या कपड्याखाली सहज हात गेला, तर दोन गार कुलपे बोटांना लागतात. नवखा माणूस दचकतोच. मग चर्च झाडणाऱ्या सुगंधाकाकू त्याला बसवून घेतात आणि सांगतात.

फार पूर्वी म्हणे मंडळीत दोन तट पडले. एकांना जमिनीवर बसून टाळमृदंगावर भजने हवी होती, दुसऱ्यांना बाक आणि पेटी. भांडण इतके वाढले की जमिनीवरच्यांच्या सखोबांनी दाराला कुलूप घातले. दुसऱ्या दिवशी बाकांवरच्या नथानेल मास्तरांनी त्याच्याखाली आपले घातले. पाळक कंटाळून निघून गेले.

त्याच उन्हाळ्यात शाद्रक सुतार वारला. हे दार त्यानेच केलेले, आणि बिजागऱ्या चुकून बाहेरून बसवलेल्या. जन्मभर लोक त्याला हसले. त्याची एकच इच्छा होती, शेवटची प्रार्थना या दाराच्या आत व्हावी.

भर दुपारी तिरडी अंगणात उतरली. ऊन वाढत होते, प्रेत थांबणार नव्हते, आणि किल्ली कोणी काढीना.

"आधी त्यांनी उघडावं," सखोबा म्हणाले.

"शाद्रक आमच्या बाकावर बसायचा. प्रार्थना आमच्या रीतीनं होईल," मास्तर म्हणाले.

शाद्रकची बायको दीनाबाई घरी गेली आणि नवऱ्याचा हातोडा घेऊन आली. तिने कुलपांना हात लावला नाही. बिजागऱ्यांच्या सळया खालून एकेक ठोकून वर काढल्या. दाराच्या दोन्ही फळ्या कुलपांनी एकमेकींना जखडलेल्या. अख्खे दार तिच्या अंगावर कलले. तेव्हा मात्र दोन्हीकडचे पुरुष धावले.

"धरलंच आहे, तर आत न्या," ती म्हणाली. "ह्यांना या दारावरच ठेवा."

"दीनाबाई, अजून काही ठरलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"नका ठरवू. तुमचं पटावं म्हणून मी थांबणार नाही. जो ऐकतो त्यानं काही कुलूप घातलेलं नाही." आणि तिने एकटीनेच सुरुवात केली, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'.

जमिनीवरचे घाईत म्हणू लागले, बाकांवरचे संथ. सूर जुळले नाहीत. पण बाहेर कोणी गेले नाही, असे सांगतात. दार मग आतच राहिले; पुढे त्याला चार पाय लागले आणि त्याचेच मेज झाले.

आजही अर्धी मंडळी खाली बसते, अर्धी बाकांवर. आमेन दोनदा होते. किल्ल्या दोन घरांत जपून आहेत, कुलपे कोणी उघडलेली नाहीत. मोकळ्या चौकटीतून वारा येतो, शेळ्या येतात. प्रत्येक नवे पाळक म्हणतात, आता नवीन दार बसवून घेऊ. तेव्हा दोन्हीकडून एकदमच 'नाही' येते. तांबवडीचे एकमत होते ते तेवढ्याच गोष्टीवर.