कधी येणार

"...मग पाटीवर नेमकं काय लिहू, अक्का?"

सीताकांत नेरूरकरांच्या एका हातात पाटी होती. दुसऱ्या हातात कोणाची तरी निळी बॅग.

अक्का चुलीपुढे बसून पेज ढवळत होत्या. समुद्रकाठच्या देवळामागे त्यांची एका खोलीची मठी होती. त्यांनी संन्यास कधी घेतला, कोणाकडून घेतला, हे गावात कोणालाच आठवत नव्हतं.

"काय लिहिलंयस ते तरी वाच."

सीताकांतांनी चष्मा सारखा केला. त्यांचा सगळा जन्म तर्कशास्त्र शिकवण्यात गेला होता. नावामागे डॉक्टर असल्यामुळे गावकरी त्यांच्याकडे तापावरची गोळी मागायला येत. निवृत्तीनंतर ते इथे राहायला आले होते आणि घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पर्यटकांना दोन-चार दिवसांसाठी देत होते.

"'खोली सोडल्यानंतर पाहुण्यांचे सामान ठेवून घेतले जाणार नाही. अपवाद म्हणून ठेवून घेतल्यास व ते वेळेत न नेल्यास, अथवा त्यात मौल्यवान किंवा आक्षेपार्ह वस्तू आढळल्यास...'"

"पुरे. एवढं वाचेपर्यंत त्यांची एसटी सुटेल."

"हसू नका, अक्का. माझा जीव थाऱ्यावर नाही."

पाहुणे सकाळी खोली सोडत. मग ओहोटी लागली की देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायला निघत. ती वाट ओल्या खडकांवरून जाते. पाठीवर ओझं घेऊन तिथे चालवत नाही. म्हणून जो तो निघताना विचारी, सामान ठेवू का?

उन्मेष नावाच्या तरुणानेही सकाळी तेच विचारलं होतं. तो एकटाच आला होता.

"भरती लागली, अक्का. तो अजून आला नाही."

अक्कांचा हात थांबला.

"कोणाला सांगितलंस?"

"कोळीवाड्यात सांगून आलो. दोघं जण बघायला गेलेत."

"त्याचा फोन?"

"माझ्यासमोरच बॅगेत टाकून गेला. चालूच होता."

"वाजला?"

"सकाळपासून एकदाही नाही."

अक्कांनी चुलीतले निखारे पुढे सारले.

"जाताना काय म्हणाला?"

"येतो म्हणाला. ते काय, सगळेच म्हणतात! माणूस जात असतो आणि 'येतो' म्हणतो. विधान सरळसरळ खोटं. त्याच्या भरवशावर मी कोणाची बॅग कशी ठेवून घेऊ?"

"म्हणून तू 'जातो' म्हणतोस."

"कारण मी जात असतो."

"माझ्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणतोस. शेजारणी कानांवर हात ठेवतात."

त्यांनी पेज तीन वाडग्यांत वाढली.

"आपण दोघंच आहोत," सीताकांत म्हणाले.

अक्कांनी तिसऱ्या वाडग्यावर ताटली झाकली.

सीताकांतांना घास जाईना. बॅग मांडीवर घेऊन ते दाराकडे तोंड करून बसले. मध्येच म्हणाले, "मी नाही म्हणायला हवं होतं. सामान ठेवून घेतलं नसतं, तर तो तिकडे गेलाच नसता."

"किंवा सामानासकट गेला असता."

"...मग मी करायचं तरी काय?"

"बस."

बाहेर पावलं वाजली. कोळीवाड्यातले दोघं दारातूनच म्हणाले, "हा घ्या तुमचा पावना. वाटेतच भेटला, आपल्या पायांनी येत होता," आणि परत फिरले.

उन्मेष कमरेपर्यंत भिजला होता.

सीताकांत ताडकन उठले. "ओहोटी संपायच्या आत येतो म्हणाला होतास! काही जबाबदारी आहे की नाही? मी इथे..." त्यांनी बॅग पुढे केली. "बघून घे. मी उघडलेली नाही."

उन्मेषने बॅग घेतली नाही.

"मला परत यायचं नव्हतं, सर."

खोलीत लाटांचा आवाज आला.

"डोंगराच्या मागच्या बाजूला बसलो होतो. पाणी चढायला लागलं, तरी उठलो नाही. उठायचं नाही असंच ठरवून आलो होतो. आणि मग... तुम्ही आठवलात."

"मी?"

"बॅग घेताना तुम्ही विचारलंत, कधी येणार. जिन्यात परत विचारलंत. फाटकापाशी पुन्हा. नंतर गल्लीच्या टोकापर्यंत मागे आलात, पायात चपला नव्हत्या. तेव्हा वैताग आला होता." तो खाली पाहत होता. "मला किती दिवसांत कोणी हे विचारलं नव्हतं. मनात आलं, हे आजोबा माझी बॅग घेऊन रात्रभर बसून राहतील."

"बसलोच असतो," सीताकांत म्हणाले.

उन्मेष हसला. हसता हसताच त्याला रडू फुटलं.

अक्कांनी ताटली उचलली. वाडगा त्याच्या हातात दिला. "अजून कोमट आहे. वर मीठ लागलं तर सांग."

तो जेवला. सीताकांतही जेवले, त्याच्याच बरोबरीने, निवलेली पेज. मग उन्मेषने बॅगेतून फोन काढला आणि अंगणात गेला. त्याचा आवाज तुटक तुटक आत येत होता. "ताई, मी बोलतोय... नाही, आता ठीक आहे... सकाळी न्यायला ये... हो. येतो."

सीताकांतांचे हात आपोआप जोडले गेले. समोर चूल होती, अक्का होत्या, दाराबाहेर तो मुलगा होता. त्यांनी हात तसेच राहू दिले.

जरा वेळाने त्यांची नजर पाटीवर गेली.

"मग हिच्यावर काय लिहू, अक्का?"

अक्कांनी पाटी ओढून घेतली, जमिनीवर उलटी ठेवली आणि चुलीवरचं गरम पातेलं तिच्यावर उतरवलं.

सीताकांत उठले. उन्मेषची बॅग त्यांनीच खांद्याला लावली. त्याला आज रात्री खोलीत ठेवून घ्यायचं, सकाळी बहीण येईपर्यंत, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. उंबऱ्यावर त्यांचा पाय अडखळला. रोजचा शब्द ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"येतो, अक्का."

अक्कांनी मान वर केली.

"कधी?"