वांगं गेलं, पिस्तूल आलं

एका गावात एक भोळा होता. भोळे सगळ्याच गावांत असतात, पण बाकीचे निदान चारचौघांत झाकून राहतात. म्हादूला ते जमत नसे. "जरा दाराकडं बघ," असं कुणी सांगून गेलं की तो दिवसभर दाराकडे बघत बसे. चोर खिडकीतून आला तरी त्याची हरकत नसे. खिडकीचं त्याला कुणी सांगितलेलंच नसे.

गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक होई. नाटक एकच, दरोडेखोराचं. शेवटी फौजदार पिस्तूल झाडतो, दरोडेखोर पडतो, एक हवालदार धावत येतो, सलाम ठोकतो आणि म्हणतो, "साहेब, दरोडेखोर मेला." की पडदा पडतो. म्हादू आजवर तो पडदा ओढत आला होता. त्याला एकदा हवालदार व्हायचं होतं. ते वाक्य तो म्हैस धुताना म्हणे, जेवताना म्हणे, झोपेतही म्हणे. त्याची आई सोनाई देवाला सांगे, "माझा लेक त्या फळ्यांवर उभा राहून एकदा बोलू दे, मग मला काय बी नगं."

गेल्या वर्षी नाटकात पिस्तूल नव्हतं म्हणून भरताचं वांगं वापरलं होतं. नाटकातल्या फौजदाराने ते रोखलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आधी त्याला तेल लावा." मेलेला दरोडेखोरसुद्धा हसला. तेव्हापासून पंचक्रोशीत या गावाला वांगेवाडी म्हणू लागले. सोयरिकी जुळेनाशा झाल्या.

यंदा पिस्तूल हवंच, असं नाटकमंडळींनी ठरवलं. पण ते सुताराकडून बनवून घ्यावं की बाजारातून विकत आणावं, यावर दोन तट पडले.

"इकतचं पत्र्याचं असतंय, लगीच वाकतं," एका तटाने सांगितलं.

"आन् आपला रावजी सुतार जन्मभर पोळपाट करतोय," दुसरा तट म्हणाला. "त्यानं पिस्तूल केलं तर त्याच्यावर पोळ्या लाटायच्या का?"

नाटक बसवणारे गुरव मास्तर कंटाळले. त्यांनी म्हादूला हाक मारली, कारण बाकी सगळे भांडणात होते.

"म्हादू, बाजारात जा. खेळण्याच्या दुकानात पिस्तूल बघून ये. नुस्तं बघायचं. कशाला हात लावायचा न्हाई. काम नीट झालं तर औंदा हवालदार तू."

म्हादू उड्या मारत गेला आणि उड्या मारत आला.

"बघितलंस?"

"बघितलं."

"हातात कसं वाटतंय? जड का हलकं?"

"हात लावायचा नव्हता."

"केवढ्याला देतोय?"

"नुस्तं बघायचं हुतं."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, बघायचं म्हंजे असं का? हातात घ्यावं, उलटं करावं, टिचकी मारून वाजवून बघावं. मग किंमत इचारावी आन् निम्म्यात मागावं."

"बरं. फुडच्या येळी तसंच करतो."

मास्तरांनी त्याला आता रावजी सुताराकडे पाठवलं. रावजीची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला बारा दिवसांचा मुलगा होता. रावजीची आई, मथाआजी, त्याला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. म्हादूला बघून ती कौतुकाने म्हणाली, "ये रं म्हादू. आमचं बाळ बघितलंस का?"

म्हादूने बाळ हातात घेतलं. उलटं केलं. पाठीवर टिचकी मारून कान लावला. बाळाने टाहो फोडला, तेव्हा म्हादूचं समाधान झालं.

"वाजतंय झ्याक. केवढ्याला देणार?"

आजीची वाचाच गेली.

"जाऊ द्या, निम्म्यात द्या."

मग आजीची वाचा परत आली आणि तिच्याबरोबर लाटणंही आलं. म्हादूच्या पाठीत दोन बसल्यावर ती म्हणाली, "मुडद्या, अशी रीत असती व्हय? लांबनं बघावं. 'अगदी बापावर गेलंय' म्हणावं. 'औक्षवंत हो' म्हणावं. आन् गुमान वाटेला लागावं."

"बरं. फुडच्या येळी तसंच करतो."

रावजी भला माणूस. त्याने बाळाला आत पाठवलं आणि म्हादूचं सगळं ऐकून घेतलं. "बनवीन की. पर म्या खरं पिस्तूल कधी बघितलं न्हाई. तालुक्याला चौकीवर जा. फौजदारसाहेबांच्या कमरेला असतंय. नीट बघ आन् दोरीनं माप घेऊन ये."

म्हादू दोरी घेऊन चौकीवर गेला. फौजदारसाहेबांनी नुकताच एक दरोडेखोर पकडला होता. खराखुरा, राकट, अंगावर घोंगडी. त्याला मानगुटीला धरून ते दारात उभे होते. बघ्यांची गर्दी होती. म्हादू लांब उभा राहिला. त्याने दरोडेखोराकडे बघितलं, मग फौजदारांकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाला, "अगदी बापावर गेलंय. औक्षवंत हो."

आणि गुमान वाटेला लागला.

हवालदाराने त्याला वेशीवरून परत आणलं. फौजदार लालबुंद झाले होते. "गाढवा, दरोडेखोराला आशीर्वाद देतोस? तसला माणूस दिसला की धरायचा, दोरीने बांधायचा, हत्यार उचलायचं आणि थेट इथे आणून टाकायचा. मध्ये कुणी काही म्हणालं तरी ऐकायचं नाही. समजलं?"

"बरं. फुडच्या येळी तसंच करतो."

पुढे पिस्तुलाची हकिगत कळल्यावर फौजदारांचा राग निवळला. त्यांनाही नाटकाचा नाद होता. त्यांनी स्वतः पिस्तूल समोर धरलं आणि म्हादूने दोरीला गाठी मारून माप घेतलं. हे एवढं एक काम त्याने आयुष्यात बरोबर केलं.

रावजीने सागाच्या लाकडाचं पिस्तूल घडवलं. मूठ हाताच्या पकडीत चपखल बसेल अशी कोरली, नळी पोखरली, वर काजळ आणि तेल घोटलं. ते बघून मास्तर स्वतःच दोन पावलं मागे सरले. बाजारवाला तट गप्प झाला. मथाआजीने ते बाळाच्या खोलीत न्यायला बंदी केली.

"म्हादू, औंदा हवालदार तू," मास्तर म्हणाले. म्हादू रडला. सोनाईही रडली, आणि तिने जत्रेच्या दिवशी दुपारीच पहिल्या रांगेत घोंगडं टाकलं.

नाटक रंगलं. दरोडेखोराच्या कामाला गावचे पाटील होते, कारण तेवढ्या मिशा दुसऱ्या कुणाला नव्हत्या. फौजदार झालेल्या शिंप्याने पिस्तूल रोखलं तेव्हा पुढच्या बायकांनी पोरांचे डोळे झाकले. वांग्याची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही. आत फटाका वाजला, पाटील धाडकन पडले. म्हादू धावत आला. सलाम ठोकला. सोनाईने पदर तोंडाशी धरला.

"साहेब," म्हादू म्हणाला, "दरोडेखोर..."

आणि थांबला. पाटलांचं पोट खाली-वर होत होतं.

"मेला म्हण," मास्तर आतून कुजबुजले.

"मास्तर, पोट हलतंय."

"हलू दे. मेला म्हण."

म्हादू खोटं कसं बोलणार? त्याने खाली बसून पाटलांच्या पोटावर टिचकी मारली. पाटील म्हणाले, "आई गं." म्हादूला एकदम फौजदारसाहेबांचे शब्द आठवले. त्याने पडद्याची दोरी सोडली आणि पाटलांना करकचून बांधलं. दोरी सुटल्यावर पडदा पेटीवाल्याच्या डोक्यावर पडला. घाबरलेल्या शिंप्याच्या हातातलं पिस्तूल गळालं, ते म्हादूने उचललं आणि पाटलांना खांद्यावर टाकून खाली उतरला.

पाटील शिव्या देत होते. मास्तर मागे धावत होते. म्हादूने कुणाचं ऐकलं नाही, कारण ऐकायचं नव्हतं. लोकांना वाटलं, यंदा नवा प्रवेश घातलाय. पाटलांच्या शिव्यांना तर टाळ्या पडल्या. "काय काम करत्यात पाटील," लोक म्हणाले आणि म्हादूने पाटलांना आपल्या बैलगाडीत टाकलं तेव्हा गाडीला वाट करून दिली.

सोनाईला मात्र वाईट वाटलं. लेक फळ्यांवर चढला आणि वाक्य अर्धंच राहिलं. ती धावत जाऊन गाडीत बसली. "ते पुरं ऐकल्याबिगर म्या घरी जायाची न्हाई," ती म्हणाली.

सकाळी गाडी चौकीवर पोचली. फौजदारांनी दरोडेखोराचं तोंड पुसलं तर आतून पाटील निघाले. फौजदार पोट धरून हसले. "म्हादू, अरे हा खोटा दरोडेखोर. माणूस खोटा निघाला की दोरी सोडायची, हात जोडून माफी मागायची आणि त्याचं सामान त्याच्या हातात द्यायचं."

"बरं. फुडच्या येळी तसंच करतो."

पाटलांना त्यांचा फेटा मिळाला. त्यांची समजूत काढायला फौजदार त्यांना ओसरीवर चहाला घेऊन गेले. हवालदारही बशी घेऊन तिकडेच गेला. म्हादू आत उभा राहिला. कोठडीतून तो मागे पकडलेला खरा दरोडेखोर सगळं ऐकत होता.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "म्या बी खोटाच हाय."

"खरं?"

"खरंच खोटा. देवाशपथ."

भिंतीवर किल्ली होती. म्हादूने दार उघडलं, दोरी सोडली, हात जोडून माफी मागितली. "तुझं सामान कंचं?"

दरोडेखोराने इकडेतिकडे बघितलं. मेजावर म्हादूने ठेवलेलं सागाचं पिस्तूल होतं.

"त्येच."

म्हादूने ते त्याच्या हातात दिलं.

ओसरीवर चहा चालला होता. दरोडेखोर दारात आला आणि त्याने पिस्तूल रोखलं. फौजदारांचे हात बशीसकट वर गेले. पाटलांचे गेले. हवालदाराचे तर सगळ्यांच्या आधी गेले. फौजदारांच्या कमरेला त्यांचं पिस्तूल होतं, पण रावजी सुताराचं त्याहून खरं दिसत होतं. दरोडेखोर शांतपणे म्हादूच्या बैलगाडीत बसला, सोनाईला मानाने खाली उतरवलं आणि निघून गेला.

चहा गार झाला तरी तिघांचे हात वरच होते. मग आतून म्हादू धावत आला. टाचा जुळवल्या. सलाम ठोकला. या वेळी तो अडखळला नाही, कारण या वेळी सगळं खरं होतं.

"साहेब, दरोडेखोर गेला."

सोनाईने एकटीनेच, पण पोटभर टाळ्या वाजवल्या.